घरच्या खाण्यासाठी अर्धा एकर वेगळं काढायचंय, सासऱ्यांना कसं पटवू?

धाकटी_सून

औसा तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे, सासऱ्यांच्या नावावर. विहीर आहे, पण होळीनंतर तिच्यात बादली बुडत नाही. चारही एकरांत सोयाबीन. २०२३ ला ऑगस्टभर आभाळ कोरडं राहिलं, शेंगा चपट्याच राहिल्या. २०२४ ला पीक बरं आलं तर भाव पडले. २०२५ च्या सप्टेंबरात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि शेंगेतच दाण्याला मोड आले.

घरात सात माणसं आणि एक म्हैस. शेत असून ज्वारी विकत, तूरडाळ विकत, कडबा विकत. रेशनच्या गहू-तांदळावर निभतं, पण महिना सरायच्या आत ते सरतात आणि मग कालवणात पाणी वाढतं. आधी सासरे, नवरा, दीर आणि पोरं जेवतात, मग आम्ही दोघी सासू-सुना. गेल्या दिवाळीपासून आमच्या दोघींच्या ताटात बरेचदा भाकरी आणि नुसता ठेचाच असतो.

यंदा मृगात अर्धा एकर बाजूला काढून त्यात खाण्यापुरतं पेरावं असं डोक्यात आहे. सासरे म्हणतात, "अर्ध्या एकराची ज्वारी पाखरंच खातील, सोयाबीनची चार पोतीही जातील." नवरा मध्ये पडत नाही. सासूबाईंना पटतंय, पण त्या त्यांच्यासमोर बोलत नाहीत. कुणी असं केलंय का? काय पेरलं, किती निघालं आणि मुळात घरात विषय कसा काढला?

बांधावरचा_बीएस्सी

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण हिशोब करून बघा. चांगल्या वर्षी अर्ध्या एकरात चार क्विंटल सोयाबीन निघतं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, म्हणजे एकवीस हजारांच्या आसपास. खर्च वजा केला तरी त्यात घरची ज्वारी-डाळ विकत घेऊन वर काही उरेल. पीक बदलण्यापेक्षा पद्धत बदला. पेरणी रुंद सरी-वरंब्यावर करा, म्हणजे जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि पावसाचा खंड पडला तर तीच सरी ओल धरून ठेवते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही. घरचं बियाणं असेल तर गोणपाटात शंभर दाणे ओले करून ठेवा. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पुरतं, कमी उगवले तर बियाणं वाढवा. दुबार पेरणीचा धोका एवढ्यानं बराच कमी होतो.

मांजराकाठची

बीएस्सी दादा, सरी-वरंब्याचं आणि उगवणीचं शंभर टक्के खरं. धाकटे, ते तर कराच. पण एकवीस हजारांचा हिशोब चांगल्या वर्षाचा आणि हमीभावाचा आहे. गेल्या वर्षी भिजलेलं, डागी सोयाबीन घेऊन आडतीवर कोण गेलं नव्हतं? हमीभाव राहिला बाजूला, व्यापारी मूठभर दाणे हातात घेऊन नाक मुरडत होते. शिवाय सोयाबीनचा पैसा घरात येतो तो उसनवारी, खताची उधारी, पीककर्ज असं करत दारातूनच परत जातो. डाळ आणायची वेळ येते तेव्हा तो कुठं असतो?

मी कळंब तालुक्यातली, पन्नाशी ओलांडलेली. २०१५ च्या दुष्काळात आम्ही पेंड आणि कडब्यापायी बैलजोडी विकली. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, २०१६ ला. त्याच सुमारास आमच्या भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं काम जोरात होतं. किल्लारीच्या भूकंपानंतर ही संस्था बायकांबरोबर उभी राहिली आणि दुष्काळात तिनं अर्धा-एक एकर बाईच्या हातात देऊन त्यात खाण्याची पिकं घ्यायचं सांगितलं. २०१६ ला संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. माझा तुकडा तेव्हापासूनचा. संस्थेनं सांगितलेलं सगळंच मी केलं असं नाही, आपल्या जमिनीला जमेल तेवढं ठेवलं.

आता नीट ऐका, कारण इथं बऱ्याच जणी फसतात. घरातले कधीतरी कंटाळून "बरं, घे" म्हणतात आणि माळाकडचा, मुरमाड, कुणाला नको असलेला तुकडा देतात. तिथं ज्वारी ढोपरभर वाढते, मग पुढची पाच वर्षं टोमणे खायचे. तुम्ही मागायचा तो काळ्या रानाचा, घराजवळचा, पाणी साचत नाही असा. रब्बीची ज्वारी दव आणि जमिनीतल्या ओलीवर येते. तिला खोल काळी जमीनच लागते.

खरिपात मी त्यात मूग आणि उडीद टाकते, कडेनं चारी बाजूंनी दोन-दोन ओळी तूर. बांधाला अंबाडी, काटेरी कुंपणावर दोडका, कारलं, वाल, आणि घराकडच्या कोपऱ्यात शेवगा. मूग पासष्ट-सत्तर दिवसांत मोकळा होतो. राखीच्या आसपास शेंगा तोडून झाल्या की रान वखरून तयार करायला महिना मिळतो आणि हस्तात ज्वारी पेरता येते. सोयाबीन नेमकं इथंच अडवतं. ते निघतं दसऱ्याच्या पुढं, तोवर ज्वारीची वेळ निघून जाते, म्हणून लोक हरभरा टाकतात. आमच्याकडची ज्वारी का गेली विचाराल तर भावाच्या आधी हे कारण आहे. रान वेळेवर रिकामंच होत नाही.

ज्वारीच्या कडेला चार ओळी करडई. तिच्या काट्यांमुळे जनावर आत तोंड घालत नाही आणि घाण्यावरून थोडं घरचं तेलही येतं. ही काही माझी अक्कल नाही, आमच्या आज्या हेच करायच्या.

किती निघतं? बऱ्या वर्षी अर्ध्या एकरात दोन-अडीच क्विंटल ज्वारी. तुमच्या सात माणसांना वर्षभर पुरायची नाही, रेशनला जोड देऊन चार-पाच महिने जातील. पण महिने कोणते ते बघा. ज्वारी घरात येते माघ-फाल्गुनात, म्हणजे ती आषाढापर्यंत चालते. घरातला सगळा पैसा बी-खताला जातो आणि किराणावाला उधारी थांबवतो ते हेच दिवस. बाईच्या ताटातली भाजी जाते तीही याच दिवसांत.

२०२३ आणि २०२५ या दोन वर्षांचं सांगते, म्हणजे उगाच मोठेपणा सांगतेय असं वाटायला नको. २०२३ च्या ऑगस्टात मुगाची फुलं गळाली, पायलीभर हाती आला. तूर मात्र थांबली. तूर थांबते, हे लक्षात ठेवा. तिचं मूळ खोल जातं, पाऊस आला की पुन्हा फुटते. सोयाबीनचे दिवस ठरलेले, ते वाट बघत नाही. २०२५ ला उलटं. मुगाच्या दोन तोडण्या आधीच निघाल्या होत्या म्हणून तो वाचला. रानातल्या तुरीला पाणी लागून मर रोग आला आणि बांधालगतची, जरा उंचावरची तेवढी उभी राहिली. वापसाच येईना, म्हणजे रान पेरण्याजोगं सुकेना, म्हणून ज्वारी उशिरा गेली, कणसं आखूड पडली, निम्मीच झाली. म्हणजे दोन्ही वर्षी काहीतरी गेलंच. फरक इतकाच की सगळं एकदम गेलं नाही.

सासऱ्यांचं पाखरांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ते बरोबर आहे. पूर्वी सगळं शिवार ज्वारीचं असायचं, पाखरं वाटली जायची. आता हरभऱ्याच्या शिवारात तुमचा अर्धा एकर एकटा पिकला की पंचक्रोशीतले पोपट आणि चिमण्या तिथंच उतरतात. पहिल्या वर्षी माझ्या कडेच्या कणसांची नुसती बोंडकं राहिली होती. दुसऱ्या वर्षापासून आम्ही शेजारच्या चौघी-पाचजणींनी लागून लागून पेरायला सुरुवात केली. बांध आपापला, राखण पाळीनं. मळणीलाही त्याचा फायदा होतो. दोन क्विंटलसाठी मळणी यंत्रवाला येत नाही, पाचजणींचं एका खळ्यावर असलं की फोन केल्याबरोबर येतो.

आता पटवायचं कसं. भांडून होत नाही आणि संस्थेच्या बाईला घरी आणून तर अजिबातच होत नाही, सासरे जास्त अडून बसतात. मी किराणावाल्याची वही काढली. दिवाळी ते आषाढ आपण किती डाळ, किती ज्वारी, किती तेल आणि किती कडबा आणला, ते सगळं एका कागदावर उतरवलं आणि सासऱ्यांसमोर नाही, दिरासमोर ठेवलं. म्हातारा माणूस सुनेचा आकडा ऐकत नाही, लेकाचा ऐकतो. काय करणार. तुम्ही त्या कागदावर कडब्याची ओळ सगळ्यांत वर लिहा. सोयाबीनच्या भुसकटावर म्हैस दूध देत नाही हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

धाकटी_सून

काकू, कडब्याचं डोक्यातच आलं नव्हतं. म्हशीवर सासऱ्यांचा फार जीव आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बियाणं कुठून आणू? इथल्या कृषी केंद्रात ज्वारीचं बियाणं मागितलं तर दुकानदार म्हणाला, "संकरित घ्या, देशी कोण पेरतं?" आणि राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेबद्दल वाचलंय, तिथून मागवता येईल का?

मांजराकाठची

राहीबाईंचं काम मोठंच आहे, २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं ते काही उगाच नाही. पण त्यांचं कोंभाळणे गाव अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत. तिथला पाऊस वेगळा, जमीन वेगळी. वाल-घेवड्याचे वेल कुंपणावर लावून बघायला हरकत नाही. ज्वारी मात्र आपल्याच काळ्या रानातली घ्या. मालदांडी कुणाकडे तरी असतेच, नाहीतर परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती. तुरीला बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ लावा. पांढरी तूर आहे, लवकर येते, म्हणून ओल संपायच्या आत सुटते. संकरित घेऊ नका. त्याचं बी दुसऱ्या वर्षी धरता येत नाही, आपला सगळा खटाटोप तर बी घरात राहावं म्हणून.

ज्वारीचं बी खळ्यावर निवडायचं नसतं, उभ्या पिकात निवडायचं. भरगच्च, निरोगी ताटाच्या कणसाला आधीच चिंधी बांधून ठेवते मी, काढताना ती वेगळी काढते आणि चुलीवरच्या आढ्याला टांगते. धुरानं कीड लागत नाही. मुगाला राख चोळायची, मडक्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला एक थर, मूग एक थर, वरून शेणमातीनं तोंड लिंपायचं.

आणि सगळं बी एका घरात कधी ठेवायचं नाही. गेल्या सप्टेंबरात आमच्या खालच्या खोलीत पाणी शिरलं, मडकी भिजली, मुगाला तिथंच मोड आले. माझं बी वरच्या आळीतल्या जाऊबाईंकडे आणि आणखी एकीकडे दिलेलं होतं. आमच्यात सव्वाईची रीत आहे. एक पायली नेलं की सुगीला सव्वा पायली परत. ती वरची पाव पायली पुढच्या नवीन बाईला जाते.

रोजानं_जाणारी

वाचून बरं वाटलं, पण ज्यांना अर्धा एकरही नाही त्यांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. मी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. पूर्वी आषाढ-श्रावणात एक दिवस रिकामा नसायचा. आता सोयाबीनवर तणनाशक मारतात, महिन्यातून आठ-दहा रोज मिळाले तरी खूप. रोज गेलाच, रानभाजीही गेली. खुरपताना ओटीभर कुंजरा, घोळ, तांदुळजा, पाथरी घरी यायची, त्याला पैसा लागायचा नाही. आता बांधावरसुद्धा काही हिरवं राहत नाही. पावसानं ओढ दिली तर रोज बंद, जास्त झाला तरी रोज बंद. शेतकऱ्याला काहीतरी भरपाई येते, आम्हाला कसली येणार? २०२५ च्या पुरानंतर जमीन खरडून गेलेल्यांना मदत जाहीर झाली, व्हायलाच पाहिजे होती. पण त्या जमिनीवर हात चालवणाऱ्यांचा त्या हंगामाचा सगळा रोज वाहून गेला तो कुणी मोजला नाही.

आणखी एक. राखण करायची, मडकी लिंपायची, वेल चढवायचे, ही सगळी वरची कामं बाईनंच करायची. गड्यानं सोयाबीन पेरून पारावर बसायचं. हवामान बदललं म्हणून बाईचं काम दुप्पट झालं, एवढंच माझ्या नजरेला दिसतं.

मांजराकाठची

बाई, तुमचं एकही वाक्य खोडता येणार नाही.

कामाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी मी तशीच मेले. पहाटे राखण, मग स्वयंपाक, मग दुसऱ्याच्या रानात रोज. सगळ्यांत वाईट ज्वारीची उपटणी. काळं रान वाळून दगड झालेलं असतं, ताटं हातानं उपटायची, तळहाताला फोड येतात आणि पाठ रात्रभर सरळ होत नाही. यंत्र अजून आमच्या बायकांच्या अर्ध्या एकरात येत नाही. मग मी घरात एकच सांगितलं, तुकडा माझा पण उपटणी सगळ्या घराची. भाकरी सगळ्यांनी खायची आणि ताटं मी एकटीनं उपटायची, हे चालणार नाही. दोन वर्षं कुरकुर झाली, आता दीरही येतात. धाकटे, ही अट तुकडा मागतानाच घालून टाका, नंतर कुणी ऐकत नाही.

भूमिहीन बायकांबद्दल आमच्या गटात एक झालं ते सांगते. एकीच्या घरचे सगळे पुण्याला, रान पडीक. ते गटानं बटईनं घेतलं, त्यात तिघी शेत नसलेल्या आहेत. खाण्याचं त्यातच पिकवतात, अर्धा वाटा मालकाला धान्यातच. लिखापढी नाही, त्यामुळे मालकानं उद्या "नको" म्हटलं तर संपलं. पण आमच्या तुकड्यांवर तणनाशक मारायचं नाही असं ठरलंय, आणि खुरपणीला पहिल्यांदा या तिघींनाच बोलावतो. भाजी त्यांची त्यांनी न्यायची. तेवढ्यानं घर चालत नाही हे मलाही कळतं.

फेरफार

महसूल खात्यातून निवृत्त झालो, म्हणून कागदाचं थोडं.

ताई, लक्ष्मी मुक्ती योजनेबद्दल तुम्ही ऐकलं असेल. १९९२ पासून आहे. नवरा स्वेच्छेनं अर्ज करून सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावून घेऊ शकतो. तुमच्याकडे जमीन सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे आज ती तुम्हाला लागू होत नाही. सासरे स्वतः अर्ज करून सासूबाईंचं नाव लावू शकतात. हा विषय तुमच्या अर्ध्या एकरापेक्षा अवघड आहे, एकाच दिवशी दोन्ही काढू नका. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातल्या खातेदारांत बायका १४ टक्क्यांच्या आत होत्या. रानात बघाल तर आकडा उलटा दिसेल. याचा अर्थ सरकारी मदत, पीककर्ज, विमा हे सगळं नाव असलेल्याच्या खात्यात जातं. तुमचा तुकडा वाहून गेला तरी पैसे सासऱ्यांनाच येणार, हे मनाशी धरून चाला.

ई-पीक पाहणीत त्या अर्ध्या एकराची नोंद वेगळी करा, मूग-उडीद-तूर असेल तर मिश्र पीक म्हणून. चार एकर सोयाबीन असं लावून टाकलं तर उद्या मदतीच्या वेळी किंवा विम्यात घोळ होतो. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आता हप्ता भरावा लागतो. भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर ठरते, म्हणजे सगळ्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न घटलं तर. तुमच्या एकट्याच्या रानात पाणी साचलं म्हणून मिळेलच असं नाही.

आणि तुमचं आणि पोरांचं नाव शिधापत्रिकेवर चढलंय का ते आधी बघा. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो मिळतं. सातातली दोन-तीन नावं राहिली असतील तर महिन्याला दहा-पंधरा किलो तिथंच कमी पडतंय. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं आणि सासरी चढवायचं कुणाला सुचत नाही. कार्ड केशरी असून प्राधान्य यादीत नसाल तर आपल्या मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी रोख रक्कम मिळते, आधी माणशी १५० होती, नंतर १७० रुपये झाली. ती घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात येते. सासूबाईंचं खातं आधारला जोडलंय का बघून घ्या.

धाकटी_सून

काका, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. माझं आणि धाकट्या मुलीचं नाव कार्डावर नाही. माहेरचा दाखला आणायला रविवारी जाणार आहे.

काल कडब्याचा कागद दिराला दिला. रात्री जेवताना त्यांनीच विषय काढला. सासरे आधी काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "विहिरीकडचा तुकडा घ्या, पण बैलाची पाळी कुणाची ते तुमचं तुम्ही बघा." विहिरीकडचा तुकडा काळा आहे, पण पलीकडच्या कोपऱ्यात पाणी थांबतं. सासूबाई पहिल्यांदाच मध्ये बोलल्या, "उपटणीला सगळ्यांनी यायचं." मी त्यांना काकूंचं उत्तर वाचून दाखवलं होतं.

लाडक्या बहिणीचे पैसे साठवलेत, त्यातून शेळी घ्यावी की बियाणं आणि वखरणीसाठी ठेवावेत? आणि शेजारच्या दोघी तयार आहेत, पण त्यांची रानं माझ्या तुकड्याला लागून नाहीत, मध्ये एक सोयाबीनचं रान येतं.

बांधावरचा_बीएस्सी

पाणी थांबतं त्या कोपऱ्यात तूर लावू नका, मर हमखास येईल. तिथून बांधाच्या उताराकडे एक चर काढून द्या. अर्ध्या एकराला टोकण यंत्र परवडतं, बचत गटाकडे किंवा कृषी सहायकाकडे विचारा. माझा हिशोब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पण कडबा मी त्यात धरला नव्हता हे खरं. कागदावर पुन्हा मांडून बघतो.

मांजराकाठची

शेळी यंदा नको. पहिल्या वर्षी शेळी आणि कोवळी ज्वारी दोन्ही सांभाळायच्या म्हणजे दोघीही पाठीमागे धावत राहाल. शिवाय कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत विष असतं, जनावरानं खाल्ली की विषबाधा होऊन मरतं. म्हशीलाही फुलोऱ्यापर्यंत त्या बाजूला सोडू नका. पैसे वखरणीला ठेवा. उरले तर चार गावरान कोंबड्या घ्या, पोरांना अंडी होतील.

मधल्या सोयाबीनवाल्याशी बोला. त्याला म्हणा, तुझ्या रानाच्या दोन्ही कडांना आम्ही ज्वारी लावतो, राखण आमची, कडबा अर्धा तुझा. कडब्याला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तरीही नाही म्हणाला तर दोघींच्या रानाकडे बघा, त्या दोघींची आपसात लागून आहेत का? असतील तर यंदा तुमची ज्वारी तिथं कडेला टाका आणि विहिरीकडच्या तुकड्यात मुगानंतर हरभरा आणि करडई घ्या. ज्वारी कुणाच्या रानात उभी राहिली याला महत्त्व नाही, मळणीनंतर माप करून वाटून घ्यायचं.

मुगाचं बी माझ्याकडे आहे, चार किलो देता येईल. रोहिणी संपायच्या आत कळंबच्या सोमवारच्या बाजारात कुणी येणार असेल तर इथं लिहा. सव्वाई लागेल.